जिन्यातला बंब

सातव्या मजल्याच्या छज्ज्याचा वीतभर पोपडा एका सकाळी सुटला आणि थेट 304 नंबरच्या नव्या गाडीच्या टपावर येऊन बसला. गाडीला अजून लिंबू-मिरची ताजी होती, सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. हाच पोपडा कोणाच्या डोक्यात पडला असता तर आमच्या असोसिएशनने दोन मिनिटं शांत उभं राहून विषय संपवला असता. पण तो गाडीवर पडला, आणि 304 म्हणजे आमचे सेक्रेटरी. त्याच रात्री तातडीची बैठक लागली.

आम्ही राहतो देवनहळ्ळीत. बंगळूरचा विमानतळ आहे ते हे गाव. 2008 साली इथे विमानं उतरायला लागली आणि त्यामागोमाग द्राक्षांच्या नि चकोत्याच्या बागांतून आमच्यासारख्या इमारती उगवल्या. चकोता म्हणजे आपलं पपनस. इथल्या पपनसाला भौगोलिक मानांकन आहे. आमच्या इमारतीला कसलंच नाही. गावात 1501 सालचा किल्ला आहे, टिपू सुलतानचा जन्म याच गावातला. शतकानुशतकं ऊन, पाऊस, इंग्रज आणि रविवारचे सेल्फीवाले सोसून त्याचे बुरूज उभे आहेत. आमची इमारत बारा वर्षांची, पण विमान जरा खालून गेलं की तिच्या अंगावरून पापुद्रे गळतात.

इथे माणसांना नावं नसतात, फ्लॅटचे नंबर असतात. '203 चं ब्लडप्रेशर वाढलंय', '402 च्या मुलीचं जमलं' असं आम्ही सहज बोलतो. मी 504. आईला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते नंबर कैद्यांना असतात.

तर बैठक. विषय फलकावर लिहिला होता: 'फसाड इन्स्पेक्शन'. माझ्या शेजारी 204 चे आजोबा बसले होते. ते कानपूरचे.

"फसाद? कोणी केला?"

"फसाद नाही आजोबा, फसाड. इमारतीची दर्शनी बाजू."

"अच्छा. म्हणजे फसाद आता होईल," असं म्हणून ते सावरून बसले.

602 च्या मामी मुलीकडे न्यूयॉर्कला सहा महिने राहून नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी माइक घेतला. न्यूयॉर्कमध्ये 1979 साली इमारतीचा तुकडा पडून एक कॉलेजातली मुलगी गेली, 1980 साली कायदा झाला, आणि आता तिथे सहा मजल्यांहून उंच प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी बाहेरून तपासणी होते. भिंती, बाल्कन्या, फायरचे लोखंडी जिने, सगळं बघतात आणि तीनपैकी एक शेरा देतात. सुरक्षित, असुरक्षित, किंवा 'दुरुस्ती करत राहिलात तर सुरक्षित'.

तिसरा शेरा ऐकून मला एकदम आपलेपणा वाटला. माझे गुडघे, आमचं वॉशिंग मशीन आणि आमचं लग्न, तिन्ही याच वर्गात मोडतात.

"आणि दुरुस्ती होईपर्यंत," मामी म्हणाल्या, "फुटपाथवर मांडव घालतात. काही मांडव वीस-वीस वर्षं उभे आहेत."

"म्हणजे तिथलेही कंत्राटदार आपल्यासारखेच!" खजिनदारांना फार बरं वाटलं. त्या बैठकीतलं हे पहिलं आणि शेवटचं एकमत.

मग काम बघायला माणूस हवा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही महाराष्ट्रातले. मुंबईत जुन्या इमारती फार. तुम्हाला अनुभव असणार."

मी सांगलीचा. आमच्या घराला एक मजला आणि वर पत्रा. सांगलीकराचं आपत्तीचं शिक्षण होतं ते पुराचं. आयर्विन पुलाजवळ पाणी 45 फुटांवर गेलं की धोका, हे आम्हाला पाढ्यांआधी पाठ होतं. 2019 साली ते 57 च्या पुढे गेलं तेव्हा आम्ही फोनवर फुटाफुटाने जीव मुठीत धरत होतो. पुरात माणसाने सामान घेऊन वर पळायचं असतं, आगीत सामान टाकून खाली. माझं शिक्षण दोन्ही बाबतींत नेमकं उलटं. हे मी बैठकीत सांगितलं. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, '504 यांना आपत्तीचा दांडगा अनुभव आहे.'

तिसऱ्या दिवशी कन्सल्टंट आले. हातात छोटी हातोडी. ते भिंतीवर टिकटिक करत, कान लावत, पुढे सरकत. बाजारात बायका नारळ वाजवून घेतात तसे. बद्द आवाज आला की खडूने गोल करत. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीला इतके गोल झाले की ती गोवराची साथ आल्यासारखी दिसू लागली. मग म्हणाले, "आता फायरचा जिना दाखवा."

इथे शांतता पसरली. फायरचा जिना मागे आहे हे सगळ्यांना माहीत होतं, जसं काशी उत्तरेला आहे हे माहीत असतं. जाऊन आलेलं कोणी नव्हतं. दाराला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला. तो आल्यावर कळलं की किल्ली आधीच्या वॉचमनकडे, आणि तो आसामला.

"आग लागली तर काय करता?" कन्सल्टंटनी विचारलं.

"अजून लागली नाही सर," सेक्रेटरी म्हणाले.

603 विमानतळावर नोकरीला आहेत. ते कधी नव्हे ते चिडून म्हणाले, "विमानाला परवाना देताना अर्धी दारं बंद ठेवून ते 90 सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं." आम्हाला कुलूप तोडायचं की कुलूपवाला बोलवायचा हे ठरवायला 90 मिनिटं लागली. कुलूप नवं होतं आणि 240 रुपयांचं होतं, हा खजिनदारांचा मुद्दा बराच वेळ टिकला.

दार उघडलं तसा आमच्या सात मजल्यांचा आत्माच समोर आला. दिवाणखान्यात माणूस पाहुण्यांसाठी असतो. तो खरा कसा आहे हे फायरच्या जिन्यात कळतं. सातव्या मजल्यावर फक्त एकदा वापरलेली व्यायामाची सायकल. सहाव्यावर अमेरिकेहून आलेल्या बॅगांची रिकामी खोकी, चढत्या क्रमाने. चौथ्यावर कोणाचा तरी पाळणा, ज्याच्यातलं बाळ आता इंजिनिअरिंगला आहे. तिसऱ्यावर सेक्रेटरींच्या जुन्या गाडीचे चार टायर. दुसऱ्यावर कढीपत्ता, कोरफड, तुळस आणि मोगरा, एवढी बाग, शिवाय तिला पाणी घालायचा पाइप फायरच्याच नळाला जोडलेला. पहिल्यावर रद्दी. खजिनदार भाव वाढायची वाट बघत होते.

"आणि हे पाचव्यावर काय आहे?" कन्सल्टंटनी विचारलं. "तांब्याचं, उंच, वर धुराडं?"

मी खोकलो. तो आमचा बंब होता. आईचा. तिच्या लग्नातला, अंघोळीचं पाणी तापवायचा. ती सांगली सोडून आमच्याकडे आली तेव्हा दोन अटींवर आली. रोज ताजी भाकरी आणि सोबत बंब. घरात जागा नव्हती म्हणून 'चार दिवस' जिन्यात ठेवला. त्या चार दिवसांना यंदा सहा वर्षं झाली.

रात्री सांगलीला थोरल्या भावाला फोन केला. "दादा, आमच्या जिन्यात बंब अडकलाय. काढायचा कसा?"

पलीकडून किंकाळीच आली. "आग लागली? कधी? आई कुठंय? आणि बंब जिन्यात कसा शिरला रे?"

त्याला शांत करेपर्यंत वहिनीचा देवापुढे दिवा लावून झाला होता.

सामान काढा म्हणून नोटीस लावली. दोन आठवड्यांत जिन्यातलं सामान वाढलं, कारण नोटीस वाचून लोकांना तिथे जागा आहे हे कळलं. मी दारोदार फिरलो. सगळीकडे उत्तर एकच.

"माझं काढतो हो, पण आधी त्यांचं निघू दे."

शेवटी कन्सल्टंटनी एका संध्याकाळी सगळ्यांना खाली उभं करून दोनच वाक्यं सांगितली. 23 फेब्रुवारी 2010, बंगळूरचा जुना विमानतळ रस्ता, कार्लटन टॉवर्स. नऊ माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या. कोणी काही बोललं नाही. त्या रात्री अकरापर्यंत मागच्या बाजूने घासण्याचे, ओढण्याचे आवाज येत होते. सकाळी जिना रिकामा होता आणि टायर सोडून सगळं गायब होतं. टायरही दुपारी गेले.

आता दुरुस्ती. राष्ट्रीय इमारत संहितेत बाहेरच्या फायरच्या जिन्याचं माप दिलेलं आहे. रुंदी किमान सव्वा मीटर, पायरीची उंची 190 मिलिमीटरच्या आत, पाऊल टेकायला 250, एका दमात 15 हून जास्त पायऱ्या नाहीत, चढ 45 अंशांपुढे नाही, कठडा किमान एक मीटर. आईच्या पाककृतीत 'अंदाजाने' हा शब्द सगळीकडे असतो, संहितेत तो कुठेच नाही. आमच्या बिल्डरने मात्र जिना आईच्या पद्धतीने केला होता. एक पायरी 180, पुढची 210, एक तर नुसतीच गंजाची आठवण. कठडा धरला की हातात येई.

तीन कोटेशनं मागवली. पहिला वेल्डर म्हणाला, सगळा जिना नवा करा. दुसरा म्हणाला, नुसता रंग मारा. तिसऱ्याने जिन्याकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहून आकडा सांगितला. तो बरोबर मधला होता, म्हणून त्याला काम मिळालं. मी पायरीचं माप दाखवलं की तो प्रेमाने म्हणे, "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी सार." म्हणजे जरा सांभाळून घ्या. मी म्हणालो, "मी घेईन हो, पण धुराने घ्यायला हवं ना!"

एवढ्यात 302 कडून वास्तुशास्त्राचा आक्षेप आला. जिना वायव्येला आहे. अग्नीची दिशा आग्नेय. सबब, फायरचा जिना आग्नेयेला हलवावा. सात मजली लोखंड इमारतीला वळसा घालून कसं न्यायचं यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी 204 च्या आजोबांनी तोड काढली. "आग आग्नेयेकडून येणार असेल, तर पळायला वायव्यच बरी की!" शास्त्राचं समाधान झालं.

मग रंगाचा वाद. लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे एका पक्षाचा, भगवा म्हणजे दुसऱ्याचा, निळ्यावर तिसऱ्यांचा हक्क. मतदानाअंती राखाडी ठरला, कारण तो कोणालाच आवडत नव्हता.

आमच्या इमारतीच्या इतिहासातली पहिली आणि एकमेव आग या दुरुस्तीतच लागली. वेल्डिंगची ठिणगी दुसऱ्या मजल्यावर उडाली. तिथे कुंड्या गेल्या होत्या, पण त्यांच्याखालचं गोणपाट 'राहू दे, बसायला होतं' म्हणून राहिलं होतं. ते धुमसायला लागलं. लाल सिलिंडर समोरच होता. सेक्रेटरी त्यावरची सूचना मोठ्याने वाचू लागले, पण चष्मा घरी होता. तेवढ्यात 202 च्या बाईंनी पातेलंभर ताक ओतलं आणि आग विझली. नंतर दोन दिवस वेल्डर हिंग-कढीपत्त्याच्या फोडणीच्या वासात काम करत होता आणि त्याला सारखी भूक लागे.

अखेर तो मंगळवार आला. वेल्डिंग संपलं, शेवटचा हात मारून रंगारी पाचव्या मजल्यावरून खाली मुकादमाला आनंदाने ओरडला, "एल्ला आगिदे! एल्ला आगिदे!"

कन्नडमध्ये याचा अर्थ, 'सगळं झालंय.' आई जतकडची असती तर तिला कळलं असतं, तिकडे घरोघरी कन्नड चालतं. ती पडली सांगलीच्या गावभागातली. तिच्या कानावर दारामागून 'आगी, आगी' आलं.

"आग! आग लागली!" आईने एका दमात दोन्ही बाजूंची दारं ठोकली. पाचवा मजला ओरडला, त्यावरून सहावा, त्यावरून तिसरा. बघता बघता इमारत दारात.

गेल्या 14 एप्रिलला आम्ही रीतसर सराव ठेवला होता. 1944 साली त्या दिवशी मुंबई गोदीतल्या स्फोटात अग्निशमन दलाची 66 माणसं कामी आली, म्हणून तो अग्निशमन सेवा दिन. आंबेडकर जयंतीची सुट्टीही असते. तरी सरावाला 11 जण आले, त्यातले 4 इडलीसाठी. या मंगळवारी नोटीस नाही, इडली नाही, आणि एकूण एक माणूस हजर! फक्त जो तो लिफ्टसमोर. इतक्या वर्षांची सवय. लिफ्टशेजारी सहा भाषांत 'आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये' असं लिहिलंय, त्याला टेकून सगळे लिफ्टची वाट बघत होते. 701 च्या हातात कुत्रा, खजिनदारांच्या हातात असोसिएशनची पावती पुस्तकं, सेक्रेटरींच्या हातात गाडीची किल्ली. आणि 504 च्या, म्हणजे माझ्या हातात टीव्हीचा रिमोट. का, ते मला आजही सांगता येणार नाही.

गर्दीत आई दिसेना. माझ्या पोटात गोळा आला. आम्ही धावत मागच्या अंगणात गेलो, तर आई तिथे कट्ट्यावर बसलेली. पदरात बाळकृष्ण, काखेत एलआयसीची फाइल.

"कशी आलीस?"

"जिन्याने. आग लागली की त्या जिन्याने जायचं असं तूच महिनाभर घरोघर सांगत फिरतोयस ना? की फक्त लोकांना सांगायला होतं?"

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी 80 पायऱ्या! कठड्याचा ओला राखाडी रंग तिच्या दोन्ही हातांना लागला होता, आणि पाचव्यापासून तळापर्यंत कठड्यावर तिच्या पंजांचे ठसे उमटले होते. रंगारी डोक्याला हात लावून बसला होता. "अज्जी..." एवढंच तो म्हणू शकला.

शुक्रवारी कन्सल्टंट अखेरच्या तपासणीला आले. आम्ही चहा, केळ्याचे वेफर्स आणि फाइल अशी तयारी केली होती. त्यांनी तिन्हींकडे पाहिलं नाही. जिना टेपने मोजला, कठडे हलवून पाहिले, मग तळाशी उभं राहून विचारलं, "या जिन्याने शेवटचं कोण, कधी उतरलं?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी खजिनदारांकडे. खजिनदारांनी फाइल चाळली.

"मंगळवारी, मी," मागून आई म्हणाली आणि दोन्ही तळवे पुढे केले. राखाडी रंग अजून पुरता गेला नव्हता. कन्सल्टंटनी ठशांकडे पाहिलं, तळव्यांकडे पाहिलं आणि शेरा लिहिला. 'दुरुस्ती व वापर चालू ठेवल्यास सुरक्षित.' रंगारी ठसे पुसायला निघाला होता, त्याला त्यांनी थांबवलं.

आठव्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर एक छत्री आली. नुसती वाळत घातलेली. छत्रीला सोबत म्हणून चपलांचा स्टँड आला. स्टँडवर शोभा म्हणून कोरफड. पण आता आई रोज संध्याकाळी शतपावलीला त्याच जिन्याने उतरते, आपल्याच ठशांवर हात ठेवत. वाटेत काही दिसलं की ती त्या मजल्यावरची बेल दाबते आणि शुद्ध मराठीत विचारते, "हे कुणाचं? उचला आधी." तेलुगू, तमिळ, बंगाली, सगळ्यांना ते लगेच कळतं. भाषावार प्रांतरचनेने जे साधलं नाही ते आईच्या आवाजाने साधलं आहे.

काल संध्याकाळी आमचीच बेल वाजली. दारात आई, तिच्या दोन बोटांत माझे ट्रेकिंगचे बूट.

"हे कुणाचे?"

बूट आता हॉलमध्ये असतात, बंबाशेजारी. बंब टीव्हीशेजारी असतो. पाहुणे त्याला शोभेची वस्तू समजून कौतुक करतात, आणि घरात चालताना रोज एकाचा तरी गुडघा त्याच्यावर आपटतो.

तुमच्याही इमारतीच्या मागे असा एखादा जिना असेल. आज जेवण झाल्यावर एकदा त्याने खाली उतरून या. दाराची किल्ली कुठे आहे ते आधी शोधा, म्हणजे जेवण लवकर आटपा. आणि वाटेत कोणाचं सामान दिसलं तर ओरडण्यापूर्वी जरा निरखून बघा. बहुधा तुमचंच असेल.